विजेचा जादूगार आणि गोदीतली पाणबुडी

आपल्या मुलांच्या पुस्तकांत एडिसनचे नाव येतेच. विजेचा दिवा, बोलणारे यंत्र, रात्रंदिवस खपणारा संशोधक! मुलांनी ते जरूर वाचावे. पण त्याच नावाच्या जोरावर अमेरिकेत नव्या शस्त्रांवरचा विश्वास कसा वाढला, तेही आईबापांनी त्यांना सांगावे असे आम्हांस वाटते.

१८७७ साली थॉमस एडिसनने फोनोग्राफ काढला, १८७९ साली दिवा. वर्तमानपत्रांनी त्याला ‘जादूगार’ पदवी दिली. १८९८ साली तर न्यूयॉर्कच्या एका दैनिकात गॅरेट सर्व्हिसची कादंबरी क्रमशः छापून आली. तिच्यात एडिसन वस्तूंचे कण कण करून टाकणारे हत्यार बनवतो आणि मंगळावर स्वारी करून तो जिंकतो! एडिसन तेव्हा हयात होता. ज्याने घरात उजेड आणला तो शत्रूलाही चुटकीसरशी संपवील, असा लोकांचा हिशेब होता.

या हिशेबात बाकीची माणसे कुठे गेली? दिव्याच्या आतली कार्बनची तार चांगली व्हावी म्हणून १८८२ साली पेटंट मिळवणारा लुईस लॅटिमर हा गुलामगिरीतून पळालेल्या आईबापांचा मुलगा. नकाशे काढायचे काम तो स्वतःच शिकला. आधी तो हायराम मॅक्सिमच्या कंपनीत होता, १८८४ पासून एडिसनकडे. हाच मॅक्सिम पुढे मशीनगनमुळे जगभर गाजला. लॅटिमरचे नाव किती पुस्तकांत आहे, ते वाचकांनीच शोधावे.

१९१५ साली युरोपात महायुद्ध पेटलेले होते. आता युद्ध यंत्रांचे होणार, असे एडिसनने एका मुलाखतीत सांगितले. अमेरिकेच्या नौदलमंत्र्यांनी लगेच त्याला नव्या सल्लागार मंडळाचे प्रमुख केले. त्याने पाणबुडीसाठी नवी बॅटरी बनवली होती. जुन्या बॅटरीत समुद्राचे पाणी शिरले की विषारी क्लोरीन वायू होई. या बॅटरीत तो धोका नव्हता. खरेच नव्हता. पण तिच्यातून हायड्रोजन निघे, आणि बंद जागेत तो साठला की एक ठिणगी पुरते. १५ जानेवारी १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या नौदल गोदीत ‘ई-२’ पाणबुडीत बॅटऱ्यांची चाचणी चालू असताना स्फोट झाला. आत काम करणारी माणसे मेली, कित्येक जखमी झाली. चौकशीत दोष बॅटरीतून निघालेल्या वायूवर आला. एडिसनच्या माणसांनी तो हवा खेळती न ठेवणाऱ्यांवर ढकलला. गोदीत, गिरणीत घाम गाळलेल्या आमच्या वाचकांना ही तऱ्हा नवी नाही.

एवढे होऊनही लोकांची भक्ती ढळली नाही. चारच महिन्यांनी, १३ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कमध्ये युद्धसज्जतेची प्रचंड मिरवणूक निघाली. तिच्यात एडिसन पायी चालला आणि दुतर्फा त्याचा जयजयकार झाला.

त्या दिवसांत बाबासाहेब त्याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पुढे १९४३ साली पुण्याच्या भाषणात त्यांनी विभूतिपूजेवर कोरडे ओढले. ते राजकारणातल्या थोरांविषयी होते, पण यंत्रांच्या जादूगारांनाही लागू पडतात, असे आमचे मत आहे. केवळ गुरूने सांगितले म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितलेच होते. दिवा करणाऱ्याचा आदर करावा; तोफेविषयी मात्र वेगळा प्रश्न विचारावा.

मंडळाकडे जनतेकडून लाखावर शोधांच्या सूचना आल्या. उपयोगी पडल्या त्या नगण्य. खुद्द एडिसनने चाळीसेक युक्त्या सुचवल्या. नौदलाने त्या फडताळात टाकल्या अशी त्याची तक्रार होती. आपण माणसे मारण्याचे हत्यार बनवले नाही याचा त्याला अभिमान होता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

एडिसन १९३१ साली वारला. लोकांना ज्या महाशस्त्राची आस होती ते शेवटी कुणा एकट्या जादूगाराच्या खोलीत बनलेच नाही. अमेरिकेत बॉम्बच्या कामावर सव्वा लाखाच्या आसपास माणसे होती. त्यांतल्या बहुतेकांना आपण काय बनवतो आहोत हे माहीत नव्हते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमा जळाले, आणि आपल्या हातून काय घडले ते त्यांना रेडिओवरून कळले.