पडदा काळा, म्हणून यंत्र बाद?

जुना संगणक आजच्या मॉनिटरला लावायचा, पडदा काळा राहिला की ‘बंद’ असा शेरा मारायचा आणि भंगारवाल्याला बोलवायचं, हा प्रकार मला संतापजनक वाटतो. धुळे जिल्ह्यातल्या एका शाळेच्या निर्लेखनाच्या यादीत बीबीसी मायक्रो असाच चढलेला मी पाहिला. बटण दाबताच तो आपला दोन सुरांचा आवाज देत होता, म्हणजे आत सगळं जिवंत होतं. ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं.

१९८४ साली केंद्र सरकारनं ‘क्लास’ प्रकल्पात हीच यंत्रं देशभरातल्या सुमारे २५० शाळांत नेली. ३२ केबी मेमरीच्या त्या यंत्रावर एका पिढीनं पहिल्यांदा बेसिकच्या ओळी लिहिल्या. ते वजनावर विकताना निदान ते कसं चालतं हे तरी वाचा!

बीबीसी मायक्रोचं आरजीबी सेकंदाला १५,६२५ रेषा काढतं. व्हीजीए मॉनिटरला सुमारे ३१,५०० लागतात. शिवाय एकाचा सिग्नल ५ व्होल्टचा, दुसऱ्याला हवा ०.७ व्होल्टचा. वायरी कापून एकमेकींना जोडल्यावर चित्र येणार कुठून? वर मॉनिटर जळायचा तो वेगळाच. रेषांचा वेग दुप्पट करणारा छोटा बोर्ड मिळतो, व्होल्टेज उतरवायला मध्ये रेझिस्टर लागतात. काम तेवढंच आहे. टीव्हीच्या एव्हीत लावलं तर चित्र येतं, पण कृष्णधवल. लगेच ‘रंग गेला’ असा निकाल! रंग गेलेला नसतो. बीबीसी मायक्रोच्या नंतरच्या बोर्डांवर एस-३९ नावाची जागा जोडली की तो येतो. स्पेक्ट्रम या दुसऱ्या जुन्या संगणकाचं दुखणं निराळं: तो यूएचएफच्या ३६व्या चॅनेलवर बोलतो. फक्त व्हीएचएफ पकडणारा जुना टीव्ही त्याला दाखवेलच कसा?

सगळ्यात मोठा राग मात्र जीवघेण्या जुगाडाचा. एव्ही नसलेल्या जुन्या टीव्हीच्या आत थेट वायर डकवणारे लोक जळगावात आजही भेटतात. त्यातल्या कित्येक संचांची चॅसी थेट मेन्सला जोडलेली असते. म्हणजे संगणकाचं धातूचं सॉकेटही २३० व्होल्टवर येऊ शकतं, आणि त्याला हात पोरं लावणार. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय हे करणं गुन्ह्याच्या तोडीचं आहे.

जळगाव-धुळ्याच्या मुख्याध्यापकांनो, स्टोअररूम उघडा. वर्षानुवर्षं पडून असलेला बीबीसी मायक्रो सरळ प्लगला लावू नका. त्याच्या पॉवर सप्लायमधले जुने फिल्टर कपॅसिटर धूर काढत फुटतात, ते आधी बदलून घ्या. मग जुन्या काळचा टीव्ही मेकॅनिक गाठा, योग्य केबल बनवून घ्या आणि योग्य पडद्यावर यंत्र तपासा. तोवर निर्लेखनाच्या कागदावर सही करू नका.