नाव दुकानाचं, हात कुणाचे?

माझा भाचा सुट्टीत अमेरिकेहून आला होता. व्हिडिओ गेमचे कंट्रोलर चार्ज करायचा स्टँड त्यानं मला कौतुकानं दाखवला. “मावशी, गेमच्या कंपनीचा घेतला असता तर महाग पडला असता. हा दुकानाचाच आहे.” खोक्यावर नाव होतं ‘इन्सिग्निया’. बेस्ट बाय या अमेरिकेतल्या साखळी-दुकानाचं हे घरचं नाव. ‘रॉकेटफिश’ हेही त्यांचंच.

मी खोका उलटसुलट करून पाहिला. दुकान सापडलं, देश सापडला. करणारी काही सापडली नाही.

यातली मेख अशी, की दुकानाचा स्वतःचा कारखाना नसतो. माल दुसऱ्याकडून करून घ्यायचा आणि वर आपलं नाव छापायचं. गेमच्या मूळ यंत्रावर दुकानाला फारसं सुटत नाही; सुटतं ते वायरी, स्टँड, पिशव्यांवर, आणि घरच्या नावाच्या मालावर त्याहून जास्त.

असा बराचसा माल चीनमध्ये तयार होतो. १९८० साली शेन्झेनला विशेष आर्थिक क्षेत्र झालं, आणि खेड्यापाड्यांतल्या लाखो तरुण मुली तिथल्या कारखान्यांत आल्या. का, तर म्हणे बायकांची बोटं चपळ आणि स्वभाव सोशिक! डायान एल्सन आणि रूथ पिअर्सन यांनी १९८१ सालीच यातली लबाडी दाखवून दिली होती. ही चपळाई उपजत नसते. घरी शिवणटिपण करून मुली ती कमावतात. पण कौशल्याला ‘उपजत’ म्हटलं, की त्याचं मोल द्यावं लागत नाही.

आपल्याकडे वेगळं काय आहे? मी काम करते त्या वस्तीत बायका घरी बसून नगावर मणी ओवतात. मालक कोण, विचारलं तर “माल आणून देतो तो भाऊ,” एवढंच उत्तर. घरखेप कामगारांना इतर कामगारांसारखी वागणूक मिळावी, असा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९६ साली केला. भारतानं तो अजून स्वीकारलेला नाही.

स्वस्त वस्तू घेऊ नका, असं मी म्हणणार नाही. आपणही काटकसरीनंच संसार करतो. आणि मागणी थांबली तर आधी घरी बसवली जाईल ती हीच मुलगी. पण मैत्रिणींनो, वस्तूवर जो आपलं नाव छापतो, त्यानं ती करणारीच्या मजुरीची जबाबदारीही घ्यायला नको का?