परिचारिकेलाही विचारा



12 मे हा दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म 1820 साली याच दिवशी झाला. या दिवशी आपल्याकडे सभा होतात, परिचारिकांना 'सेवेची मूर्ती' म्हणतात, गुलाबाचे फूल देतात. भाषणे बहुधा पंख्याखाली होतात. बाहेर मात्र मे महिन्याचे ऊन असते आणि दवाखान्यात चक्कर येऊन पडलेली माणसे आणली जात असतात. त्या माणसांना कोणी आजारी पाडले, हा प्रश्न सभेत कोणी विचारत नाही. परिचारिकेला तर मुळीच विचारत नाहीत.

'हवामान न्याय' हा शब्द तुम्ही बातम्यांत ऐकला असेल. न्याय म्हणजे आपल्या घरातला 'इन्साफ'. हा शब्द आमच्या वर्गात निघाला तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, ऊन तर सगळ्यांवरच पडते. मग यात नाइन्साफी कुठे आली?" प्रश्न अगदी योग्य होता. ऊन सर्वांवर पडते हे खरे, पण छप्पर सर्वांचे सारखे नसते. मालेगावात किंवा भिवंडीत तापलेल्या पत्र्याखाली दिवसभर लूम चालवणारा कारीगर आणि थंड खोलीत बसून कापडाचा भाव ठरवणारा व्यापारी, या दोघांचे ऊन एक नव्हे.

देशांचेही तसेच आहे. कोळसा आणि तेल जाळल्यामुळे कार्बन डायऑक्साइड वायू हवेत साठतो आणि पृथ्वी तापते. अमेरिकेत दर माणशी वर्षाला सुमारे 14 टन वायू हवेत सोडला जातो. भारतात सुमारे 2 टन. त्या 2 टनांतही आपल्या लूमवाल्याचा हिस्सा किती असणार? ज्याने धूर कमी केला, त्यालाच झळ जास्त. अन्याय तो हाच.

हा अन्याय मोठ्यांच्या आधी मुलांना टोचला, याचे मला नवल वाटत नाही. पुढची पन्नास-साठ वर्षे त्यांनाच काढायची आहेत. 2019 साली वानुआतू या प्रशांत महासागरातील बेटांच्या देशात कायदा शिकणाऱ्या 27 विद्यार्थ्यांनी ठरवले की, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला पाहिजे. त्यांनी आपल्या सरकारांना पत्रे लिहिली, पाठपुरावा केला. 2023 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो प्रश्न न्यायालयाकडे पाठवला. 23 जुलै 2025 रोजी हेग येथील न्यायालयाने सांगितले की, हवामानाचे रक्षण करणे हे देशांचे कायदेशीर कर्तव्य आहे. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे आहे, सक्तीचे नाही. तरीही एका वर्गात निघालेली गोष्ट कुठवर गेली पाहा!

पण न्यायालय असो की नगरपालिका, पुरावा मागितला जातोच. आणि उन्हाचा पुरावा फार लवकर पुसला जातो. पूर आला तर भिंतीवर पाण्याची खूण राहते. उन्हाची खूण कुठे राहते?

अहमदाबादचे उदाहरण घ्या. 21 मे 2010 रोजी तेथे 46.8 अंश तापमान होते. अभ्यासकांनी नंतर हिशेब केला, तेव्हा त्या महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे 1,344 मृत्यू जास्त झाल्याचे दिसले. त्यांपैकी फार थोड्यांच्या नावापुढे 'उष्माघात' लिहिलेले होते. बाकीच्यांचे मृत्यू हृदयविकार, ताप, म्हातारपण अशा इतर कारणांखाली मोजले गेले. त्याच शहरातील एका रुग्णालयात बाळंतिणींचा वॉर्ड सर्वांत वरच्या मजल्यावर, तापणाऱ्या छताखाली होता. वॉर्ड खालच्या मजल्यावर आणल्यावर उन्हाने तापणाऱ्या बाळांची संख्या कमी झाली. औषध बदलले नव्हते, फक्त मजला बदलला होता. पुढे 2013 साली अहमदाबादने उष्णतेपासून बचावाची योजना तयार केली आणि तिच्यात दवाखान्यांतील कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचाही समावेश केला.

बाळाच्या काखेत थर्मामीटर कोण लावते? आकडा तक्त्यावर कोण लिहिते? परिचारिका. नाइटिंगेलबाईंना आपण हातात दिवा घेतलेली बाई म्हणूनच ओळखतो. मला त्यांचे दुसरे काम मोठे वाटते. क्रिमियाच्या युद्धानंतर त्यांनी सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे तक्त्यात मांडून दाखवून दिले की, जखमांपेक्षा रोगराईनेच जास्त सैनिक मेले. सरकारला ते आकडे नाकारता आले नाहीत.

आपल्या खेड्यांत तर डॉक्टरच्या आधी परिचारिकाच भेटते. सरकारी नियमाप्रमाणे सपाट भागात 5,000 आणि डोंगरी, आदिवासी भागात 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते. तेथील नर्सबाई भर उन्हात घरोघर फिरतात. कोणाचे घर पत्र्याचे आहे, कोणती बाळंतीण कोंदट खोलीत निजली आहे, हे त्यांना ठाऊक असते. जिल्ह्याच्या बैठकीत उन्हाची योजना ठरते, तेव्हा त्यांची खुर्ची तेथे हवी. ती नसेल तर योजना कागदावर उत्तम आणि गल्लीत निरुपयोगी ठरेल.

कोणी म्हणेल, परिचारिकांना आधीच काम थोडे आहे का? बरोबर आहे. रजिस्टरे भरून त्यांचे हात दुखतात. म्हणून नवे रजिस्टर मी मागत नाही. आहे त्याच रजिस्टरात दोन रकाने वाढवावेत: रुग्ण कुठे काम करतो आणि त्याचे छप्पर कशाचे आहे. आणि रुग्णांना उन्हापासून वाचवणाऱ्या परिचारिकेच्या वॉर्डातला पंखाही चालू असावा, एवढे तरी मागू या. तिलाही ऊन लागतेच.

तुम्ही काय कराल? येत्या मे महिन्यात फूल घेऊन जाल तेव्हा वहीही न्या. जवळच्या दवाखान्यातील परिचारिकेला सवड असेल तेव्हा विचारा: मागच्या उन्हाळ्यात चक्कर येऊन किती जण आले? कोणत्या मोहल्ल्यांतून आले? म्हातारी माणसे जास्त होती की कारीगर? रुग्णांची नावे विचारू नका, ती गुप्त ठेवायची असतात. उत्तरांखाली तारीख घाला आणि ती नगरपालिकेकडे पाठवायच्या अर्जाला जोडा. अर्ज मराठीतच लिहू या. त्याचा सराव आपण यंदा करणारच आहोत.