जमिनीलगतची मर्दुमकी

हलकी विमाने जमिनीलगत उडवण्याचा ज्यांना षोक आहे, त्यांचे तीन युक्तिवाद ठरलेले असतात. पहिला : जितके खाली उडाल तितके पडण्याचे अंतर कमी, मग भीती कसली? दुसरा जरा रुबाबदार : हात बसलेल्या वैमानिकाला दोनशे फूट काय आणि दोन हजार काय! आणि तिसरा : पिकांवर फवारणी करणारे वैमानिक रोज शेंड्यांवरून जातातच की. ऐकायला तिन्ही खणखणीत. पण कसाला लावले की एकही टिकत नाही.

पहिला घेऊ. इंजिन बंद पडले म्हणून विमान दगडासारखे कोसळत नाही. ते तरंगत उतरते. सेस्ना १७२ सारखे विमान एक फूट खाली येताना सुमारे नऊ फूट पुढे जाते. तीन हजार फुटांवर इंजिन थांबले, तर वैमानिकाच्या हाती चारेक मिनिटे आणि आठेक किलोमीटर असतात. तेवढ्यात इंधनाची टाकी बदलून पाहता येते, इंजिन पुन्हा चालू करून पाहता येते, मोकळे शेत हेरता येते, रेडिओवर कळवता येते. दोनशे फुटांवर तेच घडले तर उरतात पंधरा-सोळा सेकंद, आणि त्यांतले काही तर झाले काय हे उमगण्यातच जातात. खाली उडणारा पडण्याचे अंतर वाचवत नाही, सावरण्याचा वेळ उधळतो.

आता कसबाचा दावा. २३ जून १९८० रोजी दिल्लीवर कमी उंचीवर कसरती करताना पिट्स विमान कोसळले. त्यात संजय गांधी गेले आणि कॅप्टन सुभाष सक्सेनाही गेले. शेजारी अनुभवी वैमानिक बसलेला असूनही जमीन काही दूर सरकली नाही. ८ मे २०१७ रोजी कॅलिफोर्नियातल्या बेरिएसा तलावाजवळ आयकॉन ए५ जातीचे विमान चुकून भलत्याच घळीत शिरले. चालवत होते जॉन कार्को, ते विमान बनवणाऱ्या कंपनीचेच मुरलेले चाचणी वैमानिक. समोर डोंगर, दोन्ही बाजूंना चढ. वर चढायला वेळ नाही, वळायला जागा नाही. ते आणि त्यांचा सहप्रवासी दोघेही गेले. मग कंपनीने कमी उंचीवरच्या उड्डाणांसाठी सूचना काढल्या. काही आठवड्यांतच, नोव्हेंबरमध्ये, बेसबॉलपटू रॉय हॅलडे यांनी याच जातीचे विमान पाण्यापासून ११ फुटांपर्यंत खाली नेले, आणि त्या उड्डाणाचा शेतात नव्हे, समुद्रातच शेवट झाला. म्हणजे ‘पाण्यावर काय धोका?’ हाही आधार गेला. वैमानिक कितीही वाकबगार असो, कसब दाखवायला उंची लागते. ती आधीच खर्चून टाकल्यावर कसब वापरणार कुठे?

मरण नेमके कुठे दबा धरून असते, तेही पाहा. विमान पंख ६० अंश कलवून उंची राखत वळवले, तर पंखांवरचा भार दुप्पट होतो आणि विमान तरंगते ठेवण्यासाठी लागणारा किमान वेग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. सरळ उडताना जे विमान ५० नॉटला साथ सोडते, ते इथे ७० नॉटलाच सोडते. त्यातून वारा पाठीमागून असला की खालची जमीन भराभर मागे पळताना दिसते. वेग भरपूर आहे असे वाटून वैमानिक दांडी आणखी ओढतो. एक पंख ढासळतो, विमान गिरकी घेते. वर असताना ही गिरकी मोडता येते. तीनशे फुटांवर ती मोडण्याआधी जमीन येते.

आणि तारा! खांब दिसतात, तार दिसत नाही. एप्रिल २०१७ मध्ये गोंदियाहून निघालेले प्रशिक्षण विमान वैनगंगेच्या पात्रावर आडव्या ताणलेल्या केबलला धडकले. प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी, दोघेही दगावले.

राहिला फवारणीचा दाखला. तो तर उलट आमच्याच बाजूचा आहे. फवारणीवाला आधी वरून शेताभोवती फिरून खांब, तारा, झाडे हेरतो. या कामाचे वेगळे शिक्षण घेतो. पोटासाठी धोका पत्करतो आणि सोबत हौशी प्रवासी नेत नाही. तरीही तारांनी त्याच्या व्यवसायातलेही बळी घेतले आहेत. ज्याचा हा धंदाच आहे तो इतका जपतो, तर रविवारच्या हौशी वैमानिकाने त्याचे नाव कोणत्या तोंडाने घ्यावे?

‘उतरताना आणि उडताना तर खाली यावेच लागते’ असेही कुणी म्हणेल. खरे आहे, पण तिथे समोर धावपट्टी असते, आजूबाजूचे अडथळे ठाऊक असतात आणि लक्ष घराच्या गच्चीवरच्या मित्रांकडे नसते.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. वस्तीवर ६०० मीटरच्या परिघातल्या सर्वांत उंच अडथळ्याच्या वर किमान १००० फूट आणि इतरत्र जमिनीपासून किमान ५०० फूट, ही आंतरराष्ट्रीय नियमाची मर्यादा म्हणजे जेमतेम तळ आहे. तिथपर्यंत पोचणे हे उद्दिष्ट नव्हे. ढग खाली उतरू लागले तर त्यांच्याखालून वाट काढण्यापेक्षा मागे फिरावे. सक्तीच्या उतरणीचा सराव प्रशिक्षकासोबत, ठरवून दिलेल्या क्षेत्रातच व्हावा. फ्लाइंग क्लबांनी तर कौतुकाचे व्हिडिओ फिरवण्याऐवजी पहिल्याच प्रकाराला वैमानिकाला जमिनीवर बसवावे. आणि हौशी वैमानिकाच्या शेजारी बसणाऱ्याने, विमान विनाकारण खाली येऊ लागताच, भीड न बाळगता ‘वर घे’ म्हणावे. त्याला तो अधिकार आहे; जीव त्याचाही पणाला लागलेला असतो.