शेतात गाडीचे चाक बसले, तर जॅक कोणता?



गेल्या पावसाळ्यात टोमॅटोचे कॅरेट भरून आमची पिकअप पाणंदीने निघाली आणि ओढ्याच्या अलीकडे मागचे चाक पंक्चर झाले. काळी जमीन, त्यात रात्री पडलेला पाऊस. गाडीबरोबर मिळालेला कातरी जॅक लावला. गाडी वर येण्याऐवजी जॅकच चिखलात खाली जाऊ लागला. मग एकदम कलंडला आणि गाडी धाडकन बसली. पुतण्याने नुकताच हात काढून घेतला होता, म्हणून बोटे वाचली. लिलाव चुकला तो वेगळाच.

जॅक घेताना आपण विचारतो, ‘किती टनाचा?’ तो उभा कशावर राहणार, हे कोणी विचारत नाही. कातरी जॅक डांबरी सडकेसाठी ठीक. त्याचा पाया अरुंद असतो. मऊ जमिनीत तो तिरका होतो.

पिकअपला बाटलीच्या आकाराचा हायड्रॉलिक जॅक बरा. तो थेट ॲक्सलखाली, चाकाच्या जवळ लावता येतो. चॅसीखाली जॅक लावला तर आधी पाटे सैल होतात, चाक खालीच राहते आणि गाडी उगाच जास्त उचलावी लागते.

दुकानात जाण्यापूर्वी घरी एक काम करा. सपाट जागी मागच्या चाकाची हवा सोडा आणि जमिनीपासून ॲक्सलची उंची मोजा. मिटलेला जॅक आणि खालची फळी मिळून या उंचीत बसली पाहिजे. मग हवा भरून पुन्हा मोजा. उघडलेला जॅक, फळीसह, याहून दोन-तीन इंच तरी वर गेला पाहिजे. टनाचे म्हणाल, तर गाडीच्या कागदावर मालासकट जे एकूण वजन लिहिले आहे, तेवढ्याचा तरी जॅक घ्या.

आता फळी. जॅकचा पाया चार इंच लांब, चार इंच रुंद धरला, तर सोळा चौरस इंच झाला. एक फूट बाय दीड फूट फळीचे २१६ चौरस इंच होतात. म्हणजे तोच भार तेरापट जागेवर पसरतो. फळी बाभळीची, दोन इंच जाड हवी. वर मधोमध लोखंडी पत्रा ठोका, म्हणजे जॅक लाकडात रुतणार नाही. ही फळी गाडीतच ठेवा. सरपणात जाऊ नये म्हणून घरात सर्वांना सांगून ठेवा.

उंच दांड्याचा फार्म जॅकही मिळतो. रुतलेले चाक वर घेऊन खाली दगड, पऱ्हाटी भरायला तो कामाचा. पण त्याला गाडीला मजबूत लोखंडी बंपर लागतो. पातळ पत्र्याला लावू नका. त्याचा दांडा हातातून सुटला तर जोराने उसळतो आणि जबडा फोडतो. तोंड दांड्याच्या वाटेत कधीही आणू नका.

जॅक कोणताही असो, क्रम चुकवू नका. आधी माल उतरवा. हँडब्रेक ओढा, बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. नट चाक जमिनीवर असतानाच ढिले करा, मग गाडी उचला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. काढलेले चाक आडवे करून चॅसीखाली सरकवा. जॅक घसरलाच तर गाडी त्यावर टेकेल.

हायड्रॉलिक जॅक उभाच ठेवा. मृगाआधी एकदा चालवून पाहा. तेल कमी असेल तर जॅकचेच घाला. ब्रेकचे तेल घातल्यास आतली रबरे खराब होतात.

तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. या रविवारी फळी कापून घ्या, आणि घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाकडून अंगणात एकदा चाक बदलून घ्या.