सकाळचा ब्रश लोकांसाठी असतो

आपण सकाळी दात घासतो ते दातांसाठी नाही, लोकांसाठी. पटत नसेल तर जरा आठवून बघा. पारोशा तोंडानं चहा प्यायचा नाही, समोरच्याला वास यायला नको... हे सगळं शिष्टाचाराचं खातं झालं. दातांचं खरं काम रात्री असतं. आणि रात्री आपण काय करतो? जेवण, मग एखादी सीरिज, मध्येच फ्रिजमधला उरलेला गुलाबजाम, आणि मोबाईल हातात धरूनच आडवे!

आमच्या धंद्यात रात्रीचा बॅकअप चुकला तर सकाळी सात जणं कॉलवर असतात. त्याच सात जणांना विचारा रात्री ब्रश करता का. "कंटाळा येतो रे." या कंटाळ्याबद्दल मला काडीची सहानुभूती नाही.

कारण भानगड अगदी साधी आहे. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल तयार करतात. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दातावरच्या इनॅमलमधली खनिजं विरघळायला लागतात. लाळ ते आम्ल निपटते, खनिजं परत आणून भरते, पण त्याला अर्धा तास तरी जातोच, कधी जास्त. म्हणजे दिवसा दुरुस्ती आपोआप चालू असते. झोपेत मात्र लाळ अगदी कमी होते. जंतूंना सुट्टी नसते! त्यात इनॅमल काही पुन्हा उगवत नाही. खड्डा पडला की तो बुजवावा लागतो, आणि कंपनीच्या मेडिक्लेममध्ये दात बहुतेक वेळा बसत नाहीत.

(जाता जाता : मशीनचा गोड चहा तासभर घोट घोट पिणाऱ्यांनो, प्रत्येक घोटाला तो अर्धा तास नव्यानं सुरू होतो. जेवताना दोन लाडू हाणणारा माणूस तुमच्यापेक्षा बरा.)

आता दुसरं भांडण, चुळीशी. खळखळून चार-पाच चुळा भरल्याशिवाय आपल्याला दात घासल्यासारखं वाटतच नाही. घशात बोटं घालून काढलेले ते आवाज अख्ख्या सोसायटीला ऐकू जातात. पण पेस्टमधलं कामाचं औषध म्हणजे फ्लोराइड. ते दाताला लागून राहिलं तर उपयोग. आपण ते लगेच धुऊन बेसिनमध्ये सोडतो! गुडघ्याला मलम लावून कोणी लगेच नळाखाली धरतं का? थुंका, हवं तेवढं थुंका, पण वर पाणी नको. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवाही लोकांना हेच सांगते. मी घरी सांगितलं तर "शी, काय घाणेरडा आहेस" असं ऐकावं लागलं. असो.

इथे हमखास कोणीतरी तो व्हॉट्सअ‍ॅपचा फॉरवर्ड काढतो, 'फ्लोराइड म्हणजे विष'. अहो, यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे आणि तिथल्या लोकांचे दात, हाडं खराब झालीत, हे खरंच आहे. पण ते पाणी ती माणसं वर्षानुवर्षं पितात. पेस्ट तुम्ही थुंकता. आपल्याकडे पेस्टमध्ये फ्लोराइड जास्तीत जास्त १००० पीपीएम, आणि किती आहे तो आकडा ट्यूबवर छापायचा असा नियम आहे. तो आकडा शोधा. कडुनिंब आणि लवंगेचं चित्र किती मोठं आहे ते नंतर बघा.

आणि 'आमची आजी मशेरी लावायची, तिचे दात शेवटपर्यंत टिकले' हे तर सांगूच नका. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारनं १९९२ मध्येच बंदी घातली. आजीचे दात टिकले असतील तर तिच्या ताटात बिस्किटं आणि कोल्ड्रिंक नव्हतं, याचाही विचार करा की.

बाकी मऊ ब्रश घ्या, दोन मिनिटं घासा, भांडी घासल्यासारखा जोर लावू नका. दोन दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही, तिथे फ्लॉसचा दोरा फिरवा. जेवणानंतर मीटिंगमध्ये बसून टाचणीनं दात कोरणारे आमच्याकडे दोघं आहेत, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.