तेराशे मिलिलिटरची परीक्षा

२४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, तरच सरकारदरबारी अतिवृष्टी. महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीत कपाशी पाण्याखाली गेली, की आधी हाच आकडा पाहिला जातो. तो आकडा देणारं यंत्र शेवटचं कधी तपासलं, हे मात्र क्वचितच विचारलं जातं.

स्वयंचलित पर्जन्यमापकात नरसाळ्यातून आलेलं पाणी दोन खणांच्या इवल्याशा पात्रात पडतं. एक खण भरला की पात्र कलंडतं आणि दुसरा धारेखाली येतो. पात्र किती वेळा कलंडलं, त्यावरून पाऊस ठरतो. नरसाळ्यात पाला किंवा पक्ष्यांची विष्ठा अडकली, की हिशोब बिघडतो. शिवाय पात्र कलंडत असताना पडणारं थोडं पाणी मोजणीतून सुटतं. त्याची दुरुस्ती केलेली नसेल, तर यंत्र नेमकं धो धो पावसातच कमी मोजतं. पाऊस ६८ मिलिमीटर पडला आणि यंत्र पाच टक्के कमी मोजत असेल, तर नोंद होते ६४.६. पीक गेलेलं असतं, पण कागदावर अतिवृष्टी झालेलीच नसते.

‘आता उपग्रह आहेत’ म्हणून हा प्रश्न सुटत नाही. नासा आणि जपानची जाक्सा या संस्थांनी २०१४ साली सोडलेला जीपीएम उपग्रह इतर उपग्रहांच्या जोडीनं पावसाचा अंदाज देतो, तो सुमारे ११ किलोमीटरच्या चौकटीमागे एक. हा अंदाज कितपत खरा, हे जमिनीवरच्या पर्जन्यमापकांशी ताडूनच कळतं. त्याचे अंतिम मासिक आकडे तर पर्जन्यमापकांच्या नोंदींवरूनच दुरुस्त होतात. खालची नोंद चुकली, तर वरचा बरोबर अंदाजही चूक ठरतो.

किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. हजारो हेक्टरांची भरपाई ज्या यंत्रावर ठरते, त्याची तपासणीही तितकीच उघड हवी. ती अवघडही नाही. यंत्राचं तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं असेल, तर ६५ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १,३०० मिलिलिटर पाणी. मृगाआधी मंडळ अधिकारी, सहायक कृषी अधिकारी आणि शेतकऱ्यांसमोर तेवढं पाणी मोजून ओतावं. एकदा संथ धारेनं, एकदा जोराच्या. आलेला आकडा, तारीख आणि सही यंत्राच्या खांबावर लावावी. ज्या यंत्रावर ही नोंद नाही, त्याच्या आकड्यावरून कोणाचीही भरपाई नाकारू नये.